कानात बसणारा चटका

प्रश्न : मी नागपूरला राहतो. संध्याकाळी जिममध्ये ट्रेडमिलवर धावताना वायरचे इअरफोन लावून गाणी ऐकतो. मोबाइल समोरच्या खाचेत ठेवलेला आणि मशीनच्याच यूएसबीला जोडलेला असतो. मार्च लागल्यापासून सुरुवातीच्या काही मिनिटांत कानात अचानक चटका बसतो आणि ‘टक्’ असा आवाज येतो. चांगला घाम आला की त्रास आपोआप थांबतो. इअरफोन बदलून पाहिले, पण फरक पडला नाही. गेल्या उन्हाळ्यापर्यंत या जिममध्ये कूलर होते, यंदा एसी बसवले आहेत. दोष इअरफोनचा आहे की मोबाइलचा? कानाच्या पडद्याला किंवा मेंदूला यातून इजा होऊ शकते का?

उत्तर : दोष इअरफोनचाही नाही आणि मोबाइलचाही नाही. मोबाइलची बॅटरी सुमारे ३.७ व्होल्टची असते आणि इअरफोनच्या वायरीतून जो ध्वनिसंकेत जातो, तो बहुधा एका व्होल्टपेक्षाही कमी असतो. एवढ्या व्होल्टतेने कोरड्या त्वचेला काहीही जाणवत नाही. आपल्याला बसणारा चटका आपल्याच शरीरावर साठलेल्या विद्युतप्रभाराचा आहे. इअरफोन ही त्या प्रभाराची बाहेर पडण्याची वाट आहे, म्हणून इअरफोन बदलून उपयोग झाला नाही.

दोन निरनिराळे पदार्थ एकमेकांना टेकून वेगळे झाले की एकावरचे काही इलेक्ट्रॉन दुसऱ्यावर जातात. ट्रेडमिलवर ही क्रिया अखंड चालू असते. पट्टा खालच्या फळीवरून घासत सरकतो, रुळांवरून वळतो आणि धावणाऱ्याच्या बुटाचा तळवा प्रत्येक पावलागणिक पट्ट्याला टेकतो व सुटतो. रॉबर्ट व्हॅन डी ग्राफ यांनी १९२९ साली प्रिन्स्टन विद्यापीठात उच्च व्होल्टता निर्माण करणारे जे यंत्र बांधले, त्याचे तत्त्वही हेच होते : फिरत्या पट्ट्यावरून प्रभार वाहून न्यायचा आणि विलग ठेवलेल्या सुवाहकावर तो साठवायचा. जिममध्ये तो विलग सुवाहक म्हणजे आपण स्वतः असतो, कारण रबरी तळव्याचे बूट आपल्याला जमिनीपासून तोडून ठेवतात. त्यात पॉलिस्टरचा टी-शर्ट अंगावर घासला जात असेल, तर त्याचीही भर पडते.

आता आपल्या पत्रातला यूएसबीचा तपशील लक्षात घ्यावा. मोबाइल मशीनच्या यूएसबीला जोडलेला असल्यामुळे इअरफोनच्या आतली तांब्याची तार मोबाइलमार्गे मशीनच्या विद्युतमंडलाशी आणि बहुतेक मशीनमध्ये तिच्या धातूच्या सांगाड्याशी जोडली जाते. एका बाजूला काही हजार व्होल्टपर्यंत चढलेले शरीर आणि दुसऱ्या बाजूला जवळजवळ शून्य व्होल्टला असलेली तार, असे हे चित्र आहे. या दोहोंमधले सर्वांत कमी अंतर कानात असते. इअरफोनच्या रबरी टोपीच्या आत धातूची बारीक जाळी असते आणि ती कानाच्या त्वचेपासून जेमतेम एक-दोन मिलिमीटरवर येते. कोरडी हवा साधारणपणे दर मिलिमीटरला ३,००० व्होल्ट इतक्या ताणाला हार खाते. तो ताण ओलांडला की ठिणगी उडते, शरीरावरचा प्रभार एका क्षणात उतरतो आणि पुन्हा साठायला लागतो. म्हणून चटके सलग न बसता थोड्या थोड्या वेळाने बसतात.

घाम आल्यावर त्रास का थांबतो, याचे उत्तरही इथेच आहे. घामात क्षार असल्यामुळे तो वीज वाहून नेतो. कानाच्या तोंडाशी ओल आली की त्वचा आणि इअरफोनची जाळी यांच्यात एक पातळ सुवाहक थर तयार होतो आणि प्रभार साठण्याआधीच त्या वाटेने झिरपत राहतो. ठिणगीला दरी लागते, आणि घामाने ती दरी बुजवलेली असते. पट्टा मात्र पूर्वीइतकाच प्रभार निर्माण करत असतो.

कूलर आणि एसी यांची आपण केलेली नोंद मला विशेष महत्त्वाची वाटली. नागपुरात एप्रिल-मेच्या दुपारी सापेक्ष आर्द्रता २० टक्क्यांच्या आसपास उतरते आणि मार्चमध्येही हवा बरीच कोरडी असते. कूलर ओल्या जाळीतून हवा ओढतो, त्यामुळे खोलीतली आर्द्रता सहज ६० टक्क्यांच्या पुढे जाते. एसी हवेत पाण्याची भर घालत नाही, उलट थोडे पाणी काढूनच घेतो. विदर्भातला कूलर उन्हाळाभर स्थितिक विजेचाही, म्हणजे अशा साठून राहिलेल्या प्रभाराचाही, बंदोबस्त करत असतो, ही गोष्ट तो काढून टाकल्यावरच ध्यानात येते. दमट हवा वीज वाहून नेते, म्हणून प्रभार टिकत नाही, असे पुष्कळांना वाटते. प्रत्यक्षात हवा दमट असली तरी ती विसंवाहकच राहते. फरक पडतो तो पृष्ठभागांवर. आर्द्रता वाढली की कापड, प्लास्टिक, रबर, त्वचा या सगळ्यांवर पाण्याचा अतिशय पातळ थर बसतो आणि प्रभार त्या थरातून पसरून निघून जातो. सुती कापड सर्वसाधारण हवेत आपल्या वजनाच्या सुमारे ७ ते ८ टक्के पाणी धरून ठेवते, तर पॉलिस्टर अर्धा टक्काही धरत नाही. व्यायामासाठी म्हणून विकले जाणारे ‘लवकर वाळणारे’ कपडे चटक्यांच्या बाबतीत सर्वांत वाईट ठरतात, ते याच कारणामुळे.

इजेबद्दल. मनुष्याच्या शरीराची विद्युतधारिता, म्हणजे प्रभार साठवण्याची क्षमता, साधारणपणे १०० ते २०० पिकोफॅरड असते. १५० पिकोफॅरड धारितेचे शरीर १०,००० व्होल्टपर्यंत चढले, तरी त्यात साठलेली ऊर्जा साडेसात मिलिज्यूल भरते. एक ग्रॅमची वस्तू पाऊण मीटर उचलायला साधारण एवढीच ऊर्जा लागते. शिवाय सगळा प्रकार एका मायक्रोसेकंदाच्याही आत आटोपतो. यातून कानाच्या पडद्याला, मेंदूला किंवा हृदयाला इजा होत नाही. वेदना मात्र खरी असते, कारण कानाची त्वचा पातळ व संवेदनशील आहे आणि ठिणगी टाचणीच्या टोकाएवढ्या जागेवर पडते. बोटाला साधारण २,००० ते ३,००० व्होल्टच्या पुढेच चटका जाणवू लागतो. कानाच्या बाबतीत ठिणगीचा आवाजही थेट आत होतो, म्हणून दचकायला होते. धावत्या पट्ट्यावर दचकून पाऊल चुकण्याचा धोका मला ठिणगीपेक्षा मोठा वाटतो, म्हणून ट्रेडमिलची सेफ्टी क्लिप कपड्याला लावूनच धावावे.

मोबाइल ही ठिणगी सहसा निभावून नेतो. अशा उपकरणांची ठिणगी-चाचणी घेण्याची आंतरराष्ट्रीय पद्धत ठरलेली आहे. तीत मानवी शरीराच्या जागी १५० पिकोफॅरडचा धारित्र (कपॅसिटर) घेतात आणि सर्वांत कडक नेहमीच्या पातळीला थेट स्पर्शाने ८,०००, तर हवेतून १५,००० व्होल्टची ठिणगी देतात. गाणे क्षणभर थांबणे किंवा आवाजात खरखर येणे एवढेच बहुधा घडते.

उपाय सोपा आहे. मोबाइल मशीनच्या यूएसबीला जोडू नये आणि खाचेत न ठेवता खिशात किंवा दंडाच्या पट्ट्यात ठेवावा, म्हणजे मोबाइल, तार आणि शरीर जवळपास एकाच व्होल्टतेला राहतात आणि कानात ठिणगी पडायला कारण उरत नाही. मात्र शरीरावरचा प्रभार तसाच असतो, आणि पुढच्या वेळी मशीनच्या धातूच्या दांड्याला हात लावताच तो बोटातून उतरेल. त्यासाठी दर थोड्या वेळाने दांडा पूर्ण पंजाने धरावा. बोटाच्या टोकाने शिवू नये. ब्लूटूथचे इअरफोन घेतले तरी हेच होते : कान वाचतो आणि बोट सापडते. अंगात सुती बनियन किंवा सुती टी-शर्ट घालावा. जिमच्या चालकांना पट्ट्याखालच्या फळीला सिलिकॉनचे वंगण वेळेवर लावायला आणि मशीन ज्या सॉकेटला जोडले आहे त्याचे अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्यायला सांगावे. यातली शेवटची गोष्ट स्थितिक विजेपुरती नाही. मोटर असलेल्या कोणत्याही मशीनचे अर्थिंग तुटलेले असणे हे चटक्यापेक्षा फार गंभीर प्रकरण आहे.

प्रश्न : आम्ही मूळचे साताऱ्याचे, सध्या कॅनडात एडमंटनला असतो. थंडीत लोकरीची टोपी आणि नायलॉनचे जाड जॅकेट घालून चालायला जाते. मोबाइल जॅकेटच्या खिशात आणि वायरचे इअरफोन कानात असतात. खिशातून मोबाइल काढताना किंवा घरी येऊन टोपी काढताना कधी एका, तर कधी दोन्ही कानांत चटका बसतो. इथे तर मशीन नाही, मग हे कशाने होते?

उत्तर : आपल्याकडे पट्ट्याचे काम कपडे करतात. नायलॉनवर घासणारी इअरफोनची प्लास्टिकची वायर, लोकरीच्या टोपीखालचे केस आणि खिशाच्या अस्तरातून आत-बाहेर होणारा मोबाइल, या सगळ्या जोड्या प्रभार निर्माण करणाऱ्या आहेत. टोपी काढताना केस ताठ उभे राहत असतील, तर त्याचेही कारण हेच.

कडाक्याच्या थंडीतल्या घरात हवा किती कोरडी होते, याचा हिशेब करून पाहण्यासारखा आहे. उणे १० अंश सेल्सिअसला हवेत दर घनमीटरला जास्तीत जास्त २.४ ग्रॅमच्या आसपास बाष्प मावते. बाहेर सापेक्ष आर्द्रता ८० टक्के असली, तरी प्रत्यक्षात दोन ग्रॅमसुद्धा बाष्प नसते. हीच हवा घरात येऊन २१ अंशांपर्यंत तापली की तिची बाष्प धरण्याची क्षमता १८ ग्रॅमच्या वर जाते, पण बाष्प तेवढेच राहते. म्हणजे घरातली सापेक्ष आर्द्रता १० टक्क्यांच्या आसपास येते. नागपूरच्या मे महिन्यातली दुपारही इतकी कोरडी नसते. साताऱ्यात असताना आपल्याला हा अनुभव आला नसेल, तर त्यात नवल नाही.

ॲपल कंपनीने आयपॉड आणि आयफोनच्या ग्राहकांसाठी दिलेल्या मदतीच्या माहितीत या प्रकाराची दखल घेतली होती. कोरड्या व वाऱ्याच्या जागी इअरफोनमधून छोटा, क्षणिक झटका बसू शकतो, गालिच्यावरून पाय घासत जाऊन दाराची मूठ धरल्यावर बसणारा झटका याच जातीचा असतो, आणि त्यावरून उपकरण बिघडले आहे असे समजू नये, असा तिचा आशय होता. मोबाइल सारखा खिशातून काढू-घालू नये, वाऱ्यापासून झाकलेला ठेवावा आणि नैसर्गिक धाग्यांचे कपडे वापरून पाहावेत, हे तिथे सुचवलेले उपाय मला पटतात. लोकर नैसर्गिक असली तरी ती नायलॉनवर घासू देऊ नये, एवढी पुस्ती मी जोडेन. टोपी आणि जॅकेटची कॉलर यांच्यामध्ये सुती रुमाल गुंडाळला तरी फरक पडतो.

घरात ह्युमिडिफायर लावून आर्द्रता ३५ ते ४० टक्क्यांपर्यंत आणावी. त्याहून वाढवली तर तुमच्याकडच्या थंडीत खिडक्यांच्या काचांवर पाणी जमते आणि पुढे बुरशीचा त्रास सुरू होतो. तिथल्या दुकानांत कपडे वाळवण्याच्या यंत्रात टाकायचे सुगंधी कागद मिळतात; त्यातला एखादा जॅकेटच्या आतून फिरवावा. कानांना आणि हातांना साधे क्रीम लावल्याने त्वचेचा कोरडेपणा जातो, आणि त्यासोबत चटकेही कमी होतात. घरात शिरल्यावर टोपी काढण्याआधी इअरफोन काढावेत. त्याआधी हातात घराची किल्ली घट्ट धरून तिचे टोक एखाद्या धातूच्या नळाला लावावे. ठिणगी किल्लीच्या टोकावर उडते, तळहातावर प्रभार मोठ्या जागेतून वाहतो आणि काहीच जाणवत नाही. माझ्या मते सगळ्या उपायांत हाच सर्वांत स्वस्त आणि खात्रीचा आहे.

याच विषयाशी जोडलेली एक सूचना. मघाशी सांगितलेली साडेसात मिलिज्यूलची ठिणगी माणसाला निरुपद्रवी असली, तरी पेट्रोलची वाफ पेटायला पाव मिलिज्यूलच्या आसपास ऊर्जा पुरते. अमेरिका-कॅनडात बहुतेक ठिकाणी पेट्रोल स्वतःच भरायचे असते. नळी गाडीला लावून ठेवून पुन्हा गाडीत जाऊन बसणे थंडीत सोयीचे वाटले, तरी ते टाळावे, आणि बसलाच तर उतरल्यावर नळीला हात लावण्याआधी गाडीच्या दाराचा धातू धरावा.

प्रश्न : पुण्यात पेठेतल्या जुन्या घरात राहतो. लॅपटॉप चार्जिंगला लावून वायरचे हेडफोन घातले की कानाच्या पाळीला सारख्या झिणझिण्या येतात. लॅपटॉपच्या धातूच्या कडेवरून बोट फिरवले तर भुरभुरल्यासारखे लागते. पायात चप्पल घातली की हे कमी होते. टेस्टर लावला तर त्यातला दिवा मंद पेटतो. घरात तीन पिनांचे सॉकेट कमी असल्यामुळे कन्व्हर्टर लावून दोन पिनांच्या सॉकेटात प्लग घातला आहे. मित्र म्हणतात की ही स्थितिक वीज आहे, दुर्लक्ष कर. तसे करावे का?

उत्तर : करू नये. ही स्थितिक वीज नाही. स्थितिक वीज एका क्षणात येते आणि उतरते, मग पुन्हा साठायला वेळ लागतो. आपल्याला झिणझिण्या सतत येतात, त्याही चार्जिंग चालू असताना, आणि पायाखाली चप्पल आली की कमी होतात. ही लक्षणे भिंतीतल्या २३० व्होल्टच्या, ५० हर्ट्झच्या विजेची आहेत. ती चार्जरमधून लॅपटॉपवर, लॅपटॉपवरून हेडफोनमार्गे आपल्यावर आणि आपल्या अनवाणी पायांतून फरशीत जाते आहे. इतर पत्रांमधल्या चटक्यांकडे दुर्लक्ष करता येते, पण याकडे नाही, आणि दोन्ही प्रकार ‘करंट लागतो’ या एकाच नावाने ओळखले जातात म्हणूनच हा प्रश्न सविस्तर घेतला आहे.

लॅपटॉपच्या चार्जरमध्ये रेडिओ-लहरींचा उपद्रव दाबण्यासाठी छोटे धारित्र बसवलेले असतात. त्यांच्यातून अत्यल्प प्रवाह धातूच्या बाजूला झिरपतो, आणि तो जमिनीत नेऊन सोडण्यासाठी तिसरी, जाड पिन असते. कन्व्हर्टर लावून आपण नेमकी ती पिन निकामी केली आहे. अर्थिंग सुटले की लॅपटॉपचे धातूचे अंग पुरवठ्याच्या सुमारे निम्म्या, म्हणजे ११५ व्होल्टच्या आसपासच्या व्होल्टतेवर तरंगू लागते. चार्जर चांगल्या प्रतीचा असेल, तर त्यातून वाहू शकणारा प्रवाह एका मिलिॲम्पिअरच्या दहाव्या-पाचव्या हिश्शाएवढाच असतो, त्यामुळे भुरभुर जाणवते आणि तेवढ्यावर भागते. टेस्टर मात्र एवढ्याशा प्रवाहावरही पेटतो, म्हणून तो पेटला की धोका आहेच असे नाही, आणि मंद पेटला म्हणजे धोका नाही, असेही नाही.

खरी भीती पुढची आहे. या धारित्रांची जात वेगळी असते. ते बिघडले तरी त्यांची वाट बंदच राहील, अशा रीतीने ते बनवलेले असतात. रस्त्यावर शे-दोनशे रुपयांत मिळणाऱ्या बिननावाच्या चार्जरमध्ये असे धारित्र असतीलच याची खात्री नसते, आणि मुख्य विजेची बाजू व मोबाइलकडची बाजू यांच्यात सोडलेले अंतरही अपुरे असू शकते. असा चार्जर आतून फुटला तर पूर्ण २३० व्होल्ट वायरीवाटे सरळ कानापर्यंत येतात, आणि डोक्यातून पायांपर्यंत जाणारा तो मार्ग जीवघेणा ठरू शकतो. म्हणून कोणताही मोबाइल किंवा लॅपटॉप चार्जिंगला असताना वायरचे इअरफोन लावू नयेत. ओल्या केसांनी, ओल्या पायांनी किंवा चार्जिंगला लावलेला मोबाइल उशाशी घेऊन झोपताना तर मुळीच नाही.

आपण आज कन्व्हर्टर काढावा आणि इलेक्ट्रिशियनकडून एक तरी तीन पिनांचे सॉकेट अर्थिंगसह बसवून घ्यावे. जुन्या वाड्यांत तीन भोकांचे सॉकेट दिसते, पण मागे अर्थची तार जोडलेलीच नसते, तेव्हा सॉकेटवर न जाता अर्थिंग मोजून घ्यावे. मीटरजवळ ३० मिलिॲम्पिअरचे आरसीसीबी (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारे स्विच) नसेल तर तेही बसवावे. योग्य अर्थिंग मिळूनही झिणझिण्या राहिल्या तर चार्जर बदलावा. भारतात मोबाइल व लॅपटॉपच्या चार्जरसाठी भारतीय मानक ब्युरोची नोंदणी सक्तीची आहे. चार्जरवर मानक चिन्हाजवळ ‘आर’ अक्षराने सुरू होणारा क्रमांक असतो, आणि तो ‘बीआयएस केअर’ या ॲपवर घालून पडताळता येतो. ज्या चार्जरवर चौकोनात चौकोन अशी खूण असते, त्याला दुहेरी आवरण असल्यामुळे अर्थिंग लागत नाही. मोबाइलचे बहुतेक चार्जर या प्रकारातले असतात आणि त्यांची दोन पिनांची रचना हा दोष नव्हे.

प्रश्न : माझी आई रत्नागिरीहून अधूनमधून माझ्याकडे छत्रपती संभाजीनगरला येते. तिला श्रवणयंत्र आहे. इथे उन्हाळ्यात प्लास्टिकच्या खुर्चीवरून उठताना तिच्या कानात ‘टक्’ असे होते. रत्नागिरीत कधीच होत नाही. यंत्र बिघडले आहे का? दुसरे असे की आमच्या शेजारच्या मुलाला कॉक्लिअर इम्प्लांट (शस्त्रक्रियेने बसवलेले ऐकण्याचे उपकरण) आहे. त्याच्या बाबतीत काही वेगळे आहे का?

उत्तर : आईंचे यंत्र बिघडलेले नसावे. श्रवणयंत्राची नेहमीची झिंक-एअर बॅटरी १.४ व्होल्टच्या आसपास असते आणि ती कुणालाही चटका देऊ शकत नाही. प्लास्टिकच्या खुर्चीवर सिंथेटिक साडी घासून उठताना शरीरावर प्रभार येतो आणि मराठवाड्यातल्या कोरड्या हवेत तो टिकतो. रत्नागिरीच्या समुद्रकाठच्या दमट हवेत तो टिकत नाही. खुर्चीवर सुती चादर किंवा गोधडी घालावी, आईंनी घरात सुती साडी नेसावी आणि उठताना खिडकीच्या गजाला किंवा दुसऱ्या एखाद्या धातूला हात लावावा. यंत्र कानात घालताना घालणाऱ्यानेही आधी धातूला हात लावलेला असावा. ‘टक्’ झाल्यावर यंत्र बंद पडत असेल किंवा आवाज बदलत असेल, तर मात्र ते ऑडिओलॉजिस्टला दाखवावे.

कॉक्लिअर इम्प्लांटची गोष्ट निश्चितच वेगळी आहे. त्यात त्वचेखाली बसवलेला इलेक्ट्रॉनिक भाग असतो आणि बाहेरच्या प्रोसेसरमध्ये त्या मुलासाठी जुळवलेल्या नोंदी साठवलेल्या असतात. जोराच्या ठिणगीने त्या नोंदी बिघडण्याचे प्रकार विशेषतः जुन्या उपकरणांत घडले आहेत. बागेतल्या प्लास्टिकच्या घसरगुंडीवर प्रभार फार मोठ्या प्रमाणात तयार होतो, त्यामुळे मुलाने घसरगुंडीवर जाण्याआधी बाहेरचा प्रोसेसर काढून ठेवावा, असा सल्ला दिला जातो. अलीकडच्या उपकरणांना संरक्षण अधिक असते, तरी त्या विशिष्ट उपकरणासोबतच्या पुस्तिकेत काय म्हटले आहे, ते त्याच्या पालकांनी आधी पाहावे. कपडे घालताना-काढताना, विशेषतः डोक्यावरून स्वेटर काढताना, प्रोसेसर आधी काढावा आणि परत लावण्यापूर्वी पालकांनी मुलाच्या खांद्याला स्पर्श करून मगच डोक्याजवळ हात न्यावा, म्हणजे दोघांच्या शरीरांवरच्या प्रभारांतला फरक तिथेच मिटतो.